ॲबसेंट आहे, मिसिंग नाही

तिप्पण्णा आणि मी अठ्ठावीस वर्षं एका पत्र्याखाली काम केलं. तो विणकर, मी जॉबर. विणकर माग चालवतो, जॉबर माग दुरुस्त करतो. कारखाना अक्कलकोट रोडला. चादरीचे चोवीस माग, एका कामगाराकडे दोन. तिप्पण्णाचे दोन दाराजवळचे, सात आणि आठ नंबर. तिथं धूळ येते, दुपारचं ऊन येतं, म्हणून ते कोणालाच नको असत. त्यानं बदलून मागितले नाहीत.

माणूस मूळचा वळसंगचा. घरी कानडी, बाहेर मराठी. चौथीपर्यंत कानडी शाळेत गेला, सही अजून कानडीतच करतो. बायको गुरम्मा विड्या वळायची. विडी कामगारांच्या योजनेतून तिला कुंभारीला घरकुल मिळालं. तिथून तो सायकलीवर यायचा. पाळी सातची, तिप्पण्णा पावणेसातला मागाजवळ. पंधरा मिनिटं माग पुसायचा. कोणी सांगितलं नव्हतं.

त्याचं काम कसं होतं ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. चादरीत हजारो उभ्या तारा असतात. त्या फणीतून येतात. फणी म्हणजे कंगव्यासारखी, लोखंडी दातांची, पण दात फार बारीक. चालता चालता एखादी तार तुटते. ती दिसली की माग थांबवायचा, गाठ मारायची, तार पुन्हा दातातून ओवायची, माग सोडायचा. चांगल्या हाताला याला एक मिनिट लागतं. तिप्पण्णाला अर्धं लागायचं.

तार तुटलेली दिसलीच नाही तर माग थांबत नाही. एका तारेवाचून कापड विणलं जातच राहतं. त्या जागी नुसती एक रेघ पडत जाते. तपासणीच्या टेबलावर त्या रेघेला मिसिंग म्हणतात. तुटलेल्या तारेला गाठ मारता येते. मिसिंगला काही करता येत नाही, कापड पुढं गेलेलं असतं.

कारखान्यात दोन इंग्रजी शब्द अंगठेबहाद्दरालाही येत. ॲबसेंट हा मस्टरचा, म्हणजे हजेरीच्या वहीचा, आणि मिसिंग हा तपासणीचा. कामगार आला नाही की मस्टरवर त्याच्या नावापुढं 'ए' लागायचा. चादरीत तार नसली की तिच्यावर खडूनं 'मिसिंग' लिहायचे. अर्थ दोन्हींचा एकच, जे पाहिजे ते जागेवर नाही. पण तारेला कोणी ॲबसेंट म्हणत नसे आणि माणसाला कोणी मिसिंग म्हणत नसे.

एकदाच म्हटलं गेलं.

श्रीशैल त्याचा एकुलता मुलगा. बारावी करून बापाच्या शेजारी, नऊ आणि दहा नंबरवर लागला. हात चांगला होता. बापाइतका नाही, पण चांगला. सत्तावीस वर्षांचा होता, लग्नाला दोन वर्षं झाली होती. बायको शिवलीला, अक्कलकोटची. बाप-लेक कामावर एकमेकांशी बोलत नसत. डबा उघडताना तेवढा तो "अप्पा, या" म्हणायचा.

दोन हजार अठराचा फेब्रुवारी. सोमवारी श्रीशैल माझ्याकडे आला.

"काका, नऊ नंबरची फणी तार कापतीया. एकच जागा. गाठ मारली की परत तुटती."

मी पंधरा नंबरचा माग उघडून बसलो होतो. कोपरापर्यंत ग्रीस.

"उद्या बघतो," मी म्हणालो.

मंगळवारी मी बघितलं नाही. बुधवारी दुपारी तपासणीतून त्याची चादर परत आली. दीड हात लांब रेघ. वर खडूनं मिसिंग.

तिप्पण्णा स्वतःचे माग सोडून कधी हलत नसे. त्या दिवशी दोन्ही माग बंद करून नऊ नंबरपाशी गेला. दोन माग एकदम थांबले की आवाजात भोक पडतं. सगळ्यांनी वळून बघितलं आणि एकेक करून आपलेही माग थांबवले.

"डोळं कुटं हायत तुजं?"

"अप्पा, फणी—"

"फणीला नाव ठिवू नको. बारकं पोरबी फणीच सांगतंय. दीड हात जाईस्तवर तू काय करत हुतास?" त्यानं चादर त्याच्या अंगावर टाकली. "ह्यात तार मिसिंग न्हाय. तूच मिसिंग हायस. हितं हुबा हायस आन न्हायस."

पलीकडच्या रांगेतून कोणीतरी ओरडलं, "मिसिंग श्रीशैल!" सात-आठ जण हसले. कारखान्यात हसायला फार लागत नाही.

मी तिथून वीस पावलांवर होतो. एका वाक्याचं काम होतं. फणी खराब आहे, त्यानं मला परवा सांगितलंय. मी पाना हातात धरून उभा राहिलो आणि बोललो नाही.

श्रीशैलनं पाळी पुरी केली. माग पुसला. सायकल तिथंच ठेवून गेटातून चालत गेला. दुसऱ्या दिवशी, आठ तारखेला, त्याच्या नावापुढं पहिला 'ए' लागला.

तिसऱ्या दिवशी मी तिप्पण्णाला म्हणालो, "ठाण्यात जाऊ. मिसिंग देऊन येऊ."

तो चार दिवस माझ्याशी बोलला नाही. पाचव्या दिवशी स्वतःच आला.

"मिसिंग म्हनू नकोस त्येला. ॲबसेंट हाय त्यो. रागानं गेलाय. ॲबसेंट मानूस आपल्या पायानं जातो, आपल्या पायानं येतो."

"आणि नाही आला तर?"

"येतंय की. मिसिंग परत येत न्हाय जोतिराम. तुला म्हाईत हाय."

मला तेव्हा वाटलं, हट्ट आहे. शब्दाला कशाला धरून बसायचं?

शोधलं नाही असं नाही. अक्कलकोट, गुलबर्गा, सगळे पाहुणे झाले. जिथं माग आहेत तिथं विणकर जाणार म्हणून तिप्पण्णा इचलकरंजीला पाच दिवस फिरला, भिवंडीला आठ. गल्ली संपेपर्यंत प्रत्येक दारात थांबायचा. परत आला तेव्हा चपलेचा अंगठा तारेनं बांधला होता.

एकोणिसाव्या दिवशी, सव्वीस फेब्रुवारीला, जेवणाच्या सुट्टीत त्यानं खिशातून फोन काढला. बारा वाजून दहा मिनिटांनी एक मिस कॉल आला होता. नंबर ओळखीचा नव्हता. चोवीस माग चालू असताना कानाशी ओरडलं तरी ऐकू येत नाही, खिशातला फोन काय ऐकू येणार! त्यानं उलट लावला. बंद. संध्याकाळी लावला, बंद. दोन महिने रोज लावला. मग फोनमधली बाई म्हणायला लागली की हा नंबर अस्तित्वात नाही. तो फोन श्रीशैलचा होता की आणखी कोणाचा, हे कोणाला कळलं नाही. तिप्पण्णानं तो नंबर एका कागदावर लिहून पाकिटात ठेवला.

मस्टर गुरुबसप्पा कारकुनाकडे असायचं. रोज सकाळी तिप्पण्णा त्याच्या मागं उभा राहून बघायचा. महिना बदलताना गुरुबसप्पानं पेन खाली ठेवलं.

"तिप्पण्णा, नवीन पानावर नाव घ्यायचं का न्हाय?"

"घ्या की. ए लावा."

"किती दिस लावू? मालक विचारतोय, ह्यो कामगार हाय का भूत."

"ॲबसेंट लावायला काय लागतंय तुमाला? शाई माजी घ्या."

गुरुबसप्पा चांगला माणूस. त्यानं मार्चभर श्रीशैलचं नाव पेन्सिलीनं ठेवलं. एप्रिलच्या पानावर ते नव्हतं.

त्याच आठवड्यात तिप्पण्णाच्या घरी कॅलेंडरवर 'ए' सुरू झाला. दाराजवळ भिंतीवर कॅलेंडर. दुधाचा खाडा झाला की गुरम्मा त्या तारखेवर फुली मारायची. फुलीच्या खाली तिप्पण्णा रोज एक 'ए' लिहायला लागला. रोज सकाळी, कामाला निघायच्या आधी. महिन्याचं पान उलटायचं, पुन्हा पहिल्या तारखेपासून. डिसेंबर संपला की कॅलेंडर गुंडाळून माळ्यावर.

मिसिंगची ती चादर तपासणीतून बाद झाली होती. तिप्पण्णानं ती विकत घेतली आणि स्वतःच्या खाटेवर अंथरली.

गुरम्माला कोणी विचारलं, पोरगा कुठंय, तर ती कानडीत एकच शब्द सांगायची, "बंदिल्ल." म्हणजे आला नाही. नुसतं "इल्ल" म्हटलं तर नाही असा अर्थ होतो. ती कधी चुकली नाही. अडीच वर्षांनी ती गेली. दवाखान्यात नाकात नळी असतानाही कोणाची तरी सावली दाराशी दिसली की मान हलवून म्हणायची, बंदिल्ल.

मग त्या घरात सासरा आणि सून राहिली. तोवर तिप्पण्णाचं आणि माझं, दोघांचंही काम सुटलं होतं. शिवलीला शाळेचे गणवेश शिवायच्या कारखान्यात जायची. सकाळी भाकऱ्या करून नऊला निघायची, सातला परत. माहेरचे न्यायला आले, गेली नाही. "मामाला कोन बघणार?" म्हणाली. सासऱ्याला ती मामा म्हणायची. आसपासचे बोलायचे ते बोलायचेच. सासरा-सून एका घरात म्हटलं की लोकांना काम मिळतं.

दोन हजार चोवीसच्या सुरुवातीला तिचा भाऊ मंजुनाथ आला. जेऊरचं एक स्थळ होतं. सिद्धराम नावाचा माणूस, बायको वारलेली, स्टेशनजवळ पिठाची गिरणी. त्याला सगळं माहीत होतं आणि चालत होतं. मंजुनाथनं वकिलालाही विचारून ठेवलं होतं. सात वर्षं नवऱ्याचा काही पत्ता नसेल तर कोर्ट बाईला मोकळं करतं. पण पत्ता नाही हे दाखवायला कागद लागतो. ठाण्यात मिसिंग नोंदवलेली लागते. सहा वर्षांत कोणी नोंदवलीच नव्हती.

शिवलीला रविवारी माझ्या घरी आली. पाणी दिलं, प्यायली नाही.

"काका, तुमी बोला मामाला. मी बोलले की जेवत न्हाईत."

"तुला जायचंय का?"

तिनं पाण्याचा पेला बाजूला सरकवला.

"मी एकतीस वर्षांची हाय. कारखान्यात नवीन बाई आली की विचारती, नवरा काय करतो. मी काय सांगू काका? ॲबसेंट हाय म्हनू?"

मी चप्पल घातली आणि तिच्याबरोबर निघालो.

तिप्पण्णा खाटेवर बसून लसूण सोलत होता. मी सरळ विषय काढला.

"शिवलीलाला जाऊ दे की," तो म्हणाला. "मी कवा आडवलं? सोन्यासारखी पोर हाय. पन मी मिसिंग म्हननार न्हाय."

"मग ती देईल. बायको आहे."

"देऊ दे."

"ठाण्यात विचारणार, शेवटचं कोणी बघितलं. तुलाच बोलावणार. तू तिथं काय सांगणार? ॲबसेंट?"

"व्हय. ॲबसेंट."

"सहा वर्षं?"

"मस्टर हाय माज्याकडं," तो म्हणाला आणि माळ्याकडं बोट केलं.

मी उठणार होतो. शिवलीला स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. पदर बोटाला गुंडाळत होती. इतक्या वर्षांत तिनं सासऱ्यासमोर आवाज काढलेला मी ऐकला नव्हता. त्या दिवशीही आवाज चढला नाही.

"मामा, तुमच्या कारखान्यातलं मला म्हाईत न्हाई. आमच्यात शंभर शर्ट मोजून पुढं द्यायचं आसतंय. एक कमी भरला तर सुपरवायझर म्हनतो, पीस मिसिंग. मग कुनालाच घरला सोडत न्हाईत. टेबलाखाली बघायचं, पोत्यात बघायचं, एकमेकीच्या पिशवीत बघायचं. सापडस्तवर."

तिप्पण्णाचे हात थांबले.

"आन एखादी बाई ॲबसेंट आसली तर तिला कुनी शोधत न्हाई मामा. तिच्या मशीनवर दुसरी बसवत्यात. ॲबसेंट म्हंजे तिची ती यील. मिसिंग म्हंजे आमी हुडकायचं."

तिप्पण्णानं हातातली पाकळी ताटलीत ठेवली.

"तुमच्यात शोधत्यात?" त्यानं विचारलं.

"व्हय."

"मिसिंग म्हटलं की?"

"मिसिंग म्हटलं तरच."

तो भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत राहिला. मग म्हणाला, "उद्या जाऊ."

ठाण्यात आम्ही तिघं गेलो. कॉम्प्युटरवर एक हवालदार बाई होती. पोरीच्या वयाची, पण बोलणं नीट.

"मिसिंग कधीपासून?"

"ॲबसेंट आठ फेब्रुवारी दोन हजार अठरापासनं," तिप्पण्णा म्हणाला.

"बाबा, ही शाळा नाही. मिसिंग कधीपासून ते सांगा."

"तीच तारीक."

"शेवटचं कोणी बघितलं?"

"मी. सात तारकंला, पाळी सुटताना. गेटातनं जाताना पाठ बघितली."

"घरात भांडण? दारू? आजारपण?"

"काय न्हाय."

"मग जायचं कारण?"

तिप्पण्णानं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "मी बोललो त्येला. चौघांत बोललो."

"काय बोललात?"

पंखा फिरत होता. शिवलीला खाली बघत होती. हे तिलाही माहीत नव्हतं. श्रीशैलनं त्या संध्याकाळी घरी जाऊन तिला सांगितलं नव्हतं, कारण तो घरी गेलाच नव्हता.

"तूच मिसिंग हायस म्हटलं."

बाईनं टाइप करणं थांबवलं.

"मीच लावलं त्येला ते," तिप्पण्णा म्हणाला. "म्हनून परत माज्या तोंडानं लावायचं न्हवतं."

मग मला बसवेना. सहा वर्षं जे वीस पावलांवर राहिलं होतं ते मी त्या टेबलापुढं बोललो. "मॅडम, त्याची चूक नव्हती. फणीचा दात खराब होता. त्यानं मला दोन दिवस आधी सांगितलं होतं. मी उद्या बघतो म्हणालो आणि बघितलं नाही. हे बोलत होते तेव्हा मी तिथंच होतो. गप्प बसलो."

तिप्पण्णानं माझ्याकडं बघितलं नाही.

"म्हाईत हाय," तो म्हणाला.

"काय माहीत आहे?" मी विचारलं.

"त्याच दिशी पाळी सुटल्यावर नऊ नंबरच्या फणीवरनं बोट फिरवलं. दात लागला. रगत आलं."

"मग मला बोलला का नाहीस? सहा वर्षं?"

"आदी त्येला सांगायचं हुतं. सकाळी आला की सांगनार हुतो, तुजं बराबर हुतं म्हनून. मग तुला बघनार हुतो." त्यानं टोपी उलटी-सुलटी केली. "त्यो आलाच न्हाय."

शिवलीलानं पदर तोंडाला लावला. बाईनं तिला पाण्याची बाटली दिली आणि पुढं विचारलं, गेल्यावर काही फोन, चिठ्ठी?

तिप्पण्णानं पाकिटातून कागद काढला. चार घड्या पडलेला. घड्यांवर आकडे पुसट झाले होते, पण त्याला पाठ होते. त्यानं म्हणून दाखवले. "सव्वीस फेब्रुवारी. बारा वाजून धा मिन्टं. मिस कॉल."

बाईनं नंबर लिहून घेतला. लिहिताना तिचा हात हळू झाला.

"बाबा, त्याच वेळी मिसिंग दिली असती तर हा नंबर काढता आला असता. कोणाच्या नावावर आहे, कुठून फोन आला, ते कळलं असतं."

"मंग आता काडा की."

"आता कंपनीकडं इतकं जुनं राहत नाही."

"महिन्यानं दिली आसती तर?"

"महिन्यानं दिली असती तरी निघालं असतं."

"सा महिन्यानं?"

बाईनं कागद त्याच्या हातात परत दिला. त्यानं त्या जुन्याच घड्यांवर त्याची पुन्हा घडी केली आणि पाकिटात ठेवला. बाईनं जबाब वाचून दाखवला. त्यात तो शब्द चार वेळा होता. तिप्पण्णानं कानडीत सही केली. चार अक्षरांचीही नाही त्याची सही, पण वेळ फार लागला. शेवटच्या अक्षरावर पेन तसंच टेकवून राहिला, तिथं शाईचा ठिपका मोठा झाला.

बाहेर रिक्षा उभी होती. तो रिक्षापाशी आला आणि तिच्या पुढं चालत गेला. मी मागं गेलो. एका बंद दुकानाच्या पायरीवर तो बसला.

"माग थांबवायला पायजे हुता जोतिराम," तो म्हणाला. "तार तुटली तवाच."

मी त्याच्या शेजारी बसलो. जॉबरला यावर काही करता येत नाही.

ठाण्याचं काम झालं. फोटो बोर्डावर लागला, दोनदा इचलकरंजीहून चौकशी आली, दोन्ही वेळा दुसराच माणूस निघाला. पुढच्या वर्षी कोर्टानं शिवलीलाला मोकळं केलं. त्यानंतर दोन महिन्यांनी जेऊरला लग्न झालं. वीस-पंचवीस माणसं. मुलीच्या बापाच्या जागी तिप्पण्णा बसला. सिद्धरामनं पाया पडून म्हटलं, "मामा, तुमीबी चला हिकडं. दोन खोल्या रिकाम्या हायत." शिवलीला त्याचा हात धरून उभी राहिली.

"घराला कुलूप लावून कसं चालंल?" तिप्पण्णा म्हणाला.

शिवलीलाला कळलं. तिनं हात सोडला.

परवा मी कुंभारीला गेलो होतो. दुपारचे बारा वाजत आले होते. तिप्पण्णा आता दिसायलाही बारीक झालाय. एकटाच भाकरी करतो. पहिली भाकरी जाड होते, दुसरी बरी. खाटेवर तीच चादर. धुऊन धुऊन रंग गेलाय. रेघ मात्र दिसते. भिंतीवर या वर्षाचं कॅलेंडर होतं. ठाण्यात सही केली त्या दिवसापासून त्यानं कॅलेंडरवर 'ए' लिहिणं सोडलं होतं. मला माहीत होतं, म्हणून मी तिकडं बघितलं नाही.

तो फोन मांडीवर घेऊन बसला होता. बारा वाजून दहा मिनिटं झाली आणि फोन वाजला. पहिली रिंग पुरी व्हायच्या आत त्यानं उचलला. घरात दुसरा आवाज नाही, त्यामुळं पलीकडचं मलाही ऐकू येत होतं. मागं गिरणीचा पट्टा चालू होता.

"मामा, जेवलात का?"

"काल कुटं हुतीस?"

"काल लई गर्दी हुती मामा. बाजार हुता. पीठ माझ्या केसात आजून हाय."

"ॲबसेंट लावलीया तुजी."

पलीकडं ती हसली. "आवो मामा, हाप डे तरी लावा की."

"मस्टरला खाडाखोड चालत न्हाय."

"बरं बरं. भाकरीला तूप लावून खावा. नुसती नका खाऊ."

"व्हय. ठिव आता."

त्यानं फोन ठेवला आणि थोडा हसला. मी पाणी प्यायला म्हणून उठलो आणि जाता जाता कॅलेंडर बघितलं. कालच्या तारखेवर एक 'ए' होता. पेन्सिलीनं लिहिलेला. बाकीचा महिना कोरा होता.

पाणी पिऊन मी बाहेरच्या खोलीत आलो. निघतो म्हणालो. तो मानेनं हो म्हणाला. जेवण झाकून ठेवलं होतं. शिवलीलाचा फोन येऊन गेला होता. तरी फोन त्याच्या हातातच होता.